शेकोटीच्या कट्ट्याभोवती आर्टिफिशियल लॉन: अंतर किती, खाली भराव कसला?

माळरान

पानशेत रस्त्याला घर आहे, मागे ३० बाय ३० फुटांची मोकळी जागा. बरोबर मधोमध शेकोटीचा गोल कट्टा बांधून झालाय. आतून भट्टीची वीट, बाहेरून काळा दगड. आतला व्यास ३ फूट, बाहेरचा साडेचार, जमिनीपासून उंची १४ इंच. जाळायला लाकूडच.

भोवती आता आर्टिफिशियल लॉन टाकायचंय. ४० एमएम उंचीचं, २ मीटर रुंद रोलमधलं पसंत केलंय. वरची आठेक इंच काळी माती, तिच्याखाली मुरूम. पूर्वेला दरी, जमिनीचा उतारही तिकडेच.

दुकानदार म्हणतो, "माल फायरप्रूफ आहे, कट्ट्याच्या दगडाला भिडवून लावा, दिसायला एक नंबर." गवंडी म्हणतो, तीन फूट सोडा. खरं कोणाचं धरायचं? मधल्या पट्ट्यात काय घालू, खाली भराव कसला, आणि माल किती मागवू? पावसाच्या आत उरकायचं आहे.

ओळंबा

गवंड्याचं जास्त खरं, पण तेही अपुरं.

आधी 'फायरप्रूफ'चा निकाल लावू. लॉनची पाती पॉलिथिलीनची असतात, बुडाशी दिसणारी तपकिरी कुरळी पाती बहुधा पॉलिप्रॉपिलीनची. पॉलिथिलीन साधारण ११० ते १३० अंश सेल्सिअसला वितळतं, पॉलिप्रॉपिलीन १६०-१६५ ला. लाकडाचा लाल निखारा ६०० च्या पुढे असतो. आगरोधक रसायन मिसळलेला माल मिळतो, नाही असं नाही. पण त्या रसायनाचं काम एवढंच की एका जागी लागलेली आग पुढे पळू नये. निखारा पडला तिथे भोक पडणारच.

दुकानदाराकडे टेस्ट रिपोर्ट मागा आणि त्यावर चाचणीचं नाव वाचा. एएसटीएम डी २८५९ असेल तर नमुन्यावर मेथेनामाइनची छोटी गोळी पेटवून जळका डाग किती पसरतो ते पाहतात. युरोपीय ईएन १३५०१-१ असेल तर बीएफएल, सीएफएल, ईएफएल असे दर्जे लिहिलेले असतात; यांत बीएफएल वरचा, ईएफएल बराच खालचा. दोन्ही चाचण्या आग पसरण्याच्या. ओंडका लॉनवर घरंगळला तर काय, याचं उत्तर त्यात नाही. आणि रिपोर्टच नसेल तर 'फायरप्रूफ' म्हणजे नुसतं बोलणं.

आता अंतर. इथे दोन वेगळ्या गोष्टींची लोक गल्लत करतात: आच आणि ठिणगी. आच सरळ रेषेत येते. तुमच्या १४ इंची भिंतीमुळे कट्ट्यालगतची जमीन निखाऱ्यांच्या आडोशाला जाते, त्यामुळे आचेपुरते तीन फूट पुरतील. ठिणगी मात्र वर जाऊन कुठेही पडते. शिवाय खुर्च्या आहेत. माणूस भिंतीपासून तीन फुटांवर गुडघे ठेवून बसतो, खुर्ची त्याच्या मागे दोन-अडीच फूट. तीन फुटांचा पट्टा ठेवलात तर खुर्चीचे चारही पाय लॉनवर, आणि लाकूड सारताना निसटलेला निखारा पायाशी. म्हणून लाकडाच्या शेकोटीला ५ फूट धरा. तो पट्टा असा विभागा:

कट्ट्याला लागून ४ फूट २ इंच फरशी, मग ६ इंच रुंद उघड्या खडीची नाली, मग ४ इंचांचा कर्ब (कडेची ठेंगणी उभी कड). झाले ६० इंच. कर्बपलीकडे लॉन.

नाली शोभेची नाही. फरशीचा उतार बाहेरच्या बाजूला दिला की पावसात राखेचं पाणी लॉनकडे धावतं, आणि आत दिला तर कट्ट्याचं डबकं होतं. बाहेर उतार द्या, पाणी नालीत पडू द्या. ओली राख लॉनच्या पाठीवरच्या निचऱ्याच्या भोकांत जाऊन बसली की सिमेंटासारखी धरते आणि तिथे शेवाळ सुरू होतं.

फरशी आणि कट्ट्याची भिंत यांच्यात अर्धा इंच फट सोडून वाळू भरा. भिंत तापून फुगते; फट नसेल तर पहिल्याच हिवाळ्यात फरशीचा सांधा उकलतो.

सुरूचं_बन

पाच फूट जरा जास्त नाही का? ३० फुटांच्या जागेत साडेचौदा फुटांचं वर्तुळ दगडाचंच झालं, लॉन उरतं कुठे! भिंत आहे, वर जाळी ठेवली, तर तीन फुटांत भागतं.

ओळंबा

गॅसच्या बर्नरला भागतं, त्यात ठिणगी नसते. लाकडाला जाळी हवीच, पण लाकूड टाकायला ती दर वीस मिनिटांनी उचलावी लागते, आणि नेमकं तेव्हाच ओंडका आपटून ठिणग्यांचा फवारा उठतो. लॉन ९०० पैकी ७३५ चौरस फूट उरतं, ते काही कमी नाही.

उलट मी एका बाजूला पट्टा वाढवायला सांगेन. शेकोटीचे दिवस म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी. निरभ्र रात्री डोंगरावरची हवा थंड होऊन उतारावरून खाली सरकते, म्हणजे तुमच्याकडे दरीच्या दिशेने, पूर्वेला. पूर्वेकडच्या पाव वर्तुळात कर्ब आणखी २ फूट बाहेर न्या. जेमतेम २६ चौरस फूट लॉन जाईल. त्या भागात फरशी नको, खडीच भरा.

जाळी एक्स्पांडेड मेटलची (पत्र्याला चिरा देऊन ताणलेली) किंवा स्टीलची विणलेली, भोक ६ एमएमच्या आतलं, वर घुमट. कोंबड्यांची जाळी दोन हिवाळ्यांत गंजून हातात येते.

कच_आणि_खडी

भरावाचं आणि मापाचं मी सांगतो. अंतर ओळंबांनी सांगितलेलं धरलंय, पूर्वेचा जादा पट्टा सोडून.

मध्यात खुंटी ठोकण्याची सोय नाही, कारण तिथे कट्टा आहे. आडवी फळी टाकून तिच्यावर मध्य काढा, खिळा मारा, सव्वासात फुटांची दोरी फिरवून फक्कीचं वर्तुळ मारा.

काळी माती पूर्ण काढा. अर्धवट ठेवण्यात बचत नाही. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि वरचं लॉन दोन वर्षांत गादीसारखं उंचसखल होतं. ७३५ चौरस फूट गुणिले ८ इंच म्हणजे ४९० घनफूट, जवळजवळ ५ ब्रास (१ ब्रास म्हणजे १०० घनफूट). खणल्यावर सैल होऊन ६ ब्रास भरेल, तेव्हा टाकायची जागा आधी ठरवा.

मग खालून वर:

मुरूम ४ इंच. दाबलेला २४५ घनफूट, म्हणून सैल ३ ब्रासहून थोडा जास्त मागवा. पाणी मारून, दोन थरांत दाबायचा. उतार इथेच द्या, शंभराला एक; तीस फुटांत साडेतीन इंच. वरच्या थरांत उतार काढायला गेलात तर खडी कुठे दोन इंच, कुठे पाच अशी होते.

मुरमावर न विणलेलं जिओटेक्सटाइल (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं कापड), १५० ते २०० जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम), जोडाला सहा इंच एकावर एक. जोड धरून ८० चौरस मीटर लागेल. हे गाळलं तर पावसाळ्यात मुरमाचा चिखल खडीत वर चढतो.

२० एमएम खडी ३ इंच: सव्वादोन ब्रास. तिच्यावर ६ एमएमची कच, म्हणजे बारीक खडी, १ इंच: पाऊण ब्रास. कचेत थोडी डस्ट (दगडाची भुकटी) असू दे, घट्ट बसते. पण नुसती डस्ट टाकू नका, पाणी मुरत नाही.

दाबायला प्लेट कॉम्पॅक्टर भाड्याने आणा. धुम्मस (हाताने ठोकायचं वजन) फक्त कर्बच्या कडेला, जिथे मशीन पोचत नाही. टाच जोरात आपटून पाहा. ठसा उमटला तर अजून दाबायचं आहे.

उताराच्या खालच्या कडेला एक फूट खोल चर, त्यात ४ इंची भोकांचा पाइप जिओटेक्सटाइलमध्ये गुंडाळून, भोवती खडी. तुमच्या भागातल्या जुलैत याच्याशिवाय भरावाची बशी होईल.

फरशीच्या वर्तुळाखाली ३ इंच पीसीसी, म्हणजे सळई नसलेलं साधं काँक्रीट. संपूर्ण पाच फुटी पट्ट्याला, १४९ चौरस फूट धरून, १:४:८ च्या (सिमेंट, वाळू, खडी) मिश्रणात साडेतीन ते चार पोती सिमेंट. नालीखालीही पीसीसी येऊ दे, पण तिथे दर तीन फुटांवर एक आरपार भोक ठेवा, नाहीतर नालीचं हौद होईल.

आता लॉनचा हिशेब, इथे लोक पैसे घालवतात. ३० फुटांत २ मीटरच्या, म्हणजे साडेसहा फुटांच्या, पाच पट्ट्या बसतात. सरळ पाच पट्ट्या साडेतीस फुटांच्या घेतल्या तर १००० चौरस फूट माल. पण मधली पट्टी कट्ट्याच्या मध्यावर धरा, दोन्ही टोकांच्या पट्ट्या कडेला दीड-दीड फूट कापल्या जातील. मधली पट्टी अखंड घ्यायचीच नाही. कर्बच्या दोन बाजूंना नऊ-नऊ फुटांचे दोन तुकडे पुरतात. ८० चौरस फूट वाचतात. दुकानदार हे आपणहून सांगणार नाही.

जोड चार: बाहेरचे दोन ३० फुटी, आतले दोन कर्बला अडत असल्याने १७-१७ फूट. एकूण ९४ फूट. जोडाखालची टेप ३० सेंटिमीटर रुंद, २९ मीटर. तिच्यावर दोन घटकांचा पॉलियुरेथेन गोंद, मीटरला सुमारे ४०० ग्रॅम, म्हणजे १२ किलो. कर्बसाठी आणखी चार-पाच किलो.

बाहेरच्या कडेला सहा इंची जीआय खिळे, आठ-आठ इंचांवर, १८० लागतील. पात्यांत पसरायला सिलिका सँड ०.४ ते ०.८ एमएम, चौरस मीटरला ६ किलो: ५० किलोची ८-९ पोती. रबराचा चुरा घेऊ नका. मैदानांना ठीक, शेकोटीजवळ ते इंधन. वाळू उलट मदत करते. पात्यांच्या बुडाशी न जळणारा थर राहतो.

माळरान

माहिती सविस्तर, आभार. तीन शंका. शहाबादी फरशी घरकामातून उरली आहे, सव्वाशे चौरस फूट, ती चालेल का? कर्बला लॉन धरवायचं कसं? दुकानदार ॲल्युमिनियमची 'एल' पट्टी नाहीतर प्लास्टिकची कड म्हणतो. आणि कट्ट्याच्या तळाला मी कोबा केलाय, ते चुकलं का?

ओळंबा

कोबा फोडा. पावसात टाकी होईल. कोब्यात मुरलेलं पाणी तापल्यावर वाफ होऊन कपचे उडतात, ते डोळ्याशी खेळ आहेत. तळ एक फूट खणा, खाली ८ इंच खडी, वर ४ इंच जाड वाळू. त्यात नदीचे गोटे नकोत. दिसायला सुंदर, पण आत पाणी असलेला गोटा तापून फुटतो. पावसाळ्यात वर पत्र्याचं झाकण.

शहाबादी चालेल, पण कट्ट्यापासून पहिला फूट सोडून. तो थरांचा चुनखडीचा दगड. तापणं-थंडावणं झालं की पापुद्रे सुटतात. कडप्प्याचंही तसंच. पहिल्या फुटात कट्ट्याचाच काळा दगड किंवा उरलेली भट्टीची वीट आडवी घाला. पहिल्या फुटाचे १७-१८ चौरस फूट होतात. उरलेल्या फरशीच्या भागाला शहाबादी १०० चौरस फूट लागेल, गोलाईची कापाकापी धरून तुमचा माल जेमतेम पुरेल.

कर्बला प्लास्टिकची कड अजिबात नको, आणि ॲल्युमिनियमही शेकोटीच्या बाजूला नको. ठोकलेले खिळे ढिले होतात आणि धारदार कड अनवाणी पायाला लागते. वीट उभी धरून सिमेंटात बसवा, घेर साडेपंचेचाळीस फूट. तिच्या मागे, लॉनच्या बाजूला, ४ इंच रुंद कोब्याची पट्टी कचेच्या पातळीत काढा. लॉनची कड त्या पट्टीवर पॉलियुरेथेनने चिकटते. चपलेला लावतात तसलं रबर सोल्यूशन वापरतात लोक. ते उन्हात आणि आचेला मऊ पडतं, कड उचलते. कर्बचा माथा त्या पट्टीपेक्षा १५ ते २० एमएम उंच ठेवा. मग लॉनची कापलेली पाठ विटेच्या आड जाते आणि पात्यांचे शेंडेच वर दिसतात. घरंगळलेला निखाराही कर्बला अडतो.

कच_आणि_खडी

कर्बपाशी कापताना लॉन पाठीकडून कापायचं, समोरून नाही. समोरून कापलं की अर्धी पाती जातात आणि कड टकलावते. वर्तुळ एकदम नेमकं कापायला जाऊ नका. आधी दोन इंच जास्त, मग पाठीवर दर सहा इंचांवर चीर देऊन बसवत या. आणि आदल्या दिवशी रोल उलगडून ठेवा. दुपारच्या उन्हात ताणलेलं लॉन रात्री आकसतं आणि जोड उघडतो. सगळ्या तुकड्यांची पाती एकाच दिशेला झुकलेली हवीत, ते नऊ-नऊ फुटांचे दोन तुकडेही. एक उलटा लागला की दुरून वेगळा रंग दिसतो.

४० एमएमबद्दल: घेतलं नसेल तर ३० घ्या. ४० चं खुर्च्यांखाली झोपतं, वाळूही जास्त मागतं, आणि राख त्यात इतकी खोल जाते की ब्लोअरने निघत नाही.

ऑस्टिनची_शेकोटी

इकडे टेक्सासमध्ये हे घरोघरी आहे, म्हणून दोन गोष्टी. लॉनचे रोल इथे १५ फूट रुंद येतात, ३० फुटी अंगणात एकच जोड, आणि तो मुद्दाम कट्ट्यावर आणतात म्हणजे जोडाचा बराच भाग वर्तुळातच गडप होतो. इंटरनॅशनल फायर कोडमध्ये उघड्या शेकोटीला बांधकामापासून २५ फूट अंतर सांगितलंय, पण गावागावाचे नियम वेगळे आणि कोरड्या दिवसांत काउंटीची बंदीही असते. इकडचे कोणी वाचत असतील तर आधी आपल्या फायर खात्याचं पाहा. ३० फुटी जागेत ते अंतर बसत नाही, म्हणून इथले बहुतेक जण गॅसवर जातात.

दुसरी गोष्ट. बऱ्याचदा लॉन वितळलेलं दिसतं आणि दोष शेकोटीवर जातो, पण कारण खिडकी असते. दुहेरी लो-ई काच (उष्णता अडवणारा लेप असलेली) ऊन परावर्तित करते, काच किंचित आत वाकलेली असली की भिंगासारखं एका रेषेत आणते. शेकोटीचा डाग गोल, लहान, मध्ये कडक. खिडकीचा डाग लांबट पट्ट्यासारखा, पाती वेटोळी झालेली, आणि दिवसाच्या ठरावीक वेळी तिथे हात ठेववत नाही. त्यावर उपाय खिडकीला बाहेरून जाळी, लॉन बदलणं नाही.

पायांवर उभा राहणारा लोखंडी बाऊल लॉनवर ठेवायचा मोह होतो. बुडाची आच थेट खाली जाते. खाली 'फायर मॅट' टाकली तरी तीन-चार तासांत ती आच झिरपते आणि मॅट उचलल्यावर तिच्याच आकाराची चकती निघते.

सुरूचं_बन

गॅसचा विषय निघालाच आहे तर: ६०,००० बीटीयूचा (बीटीयू हे उष्णतेचं माप, इथे ताशी) बर्नर तासाला साधारण १.४ किलो गॅस खातो. होमस्टे असेल तर १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर, तेरा-चौदा तास चालेल. घरगुती सिलिंडर होमस्टेला लावू नये. एलपीजी हवेहून जड असतो. सिलिंडर कट्ट्याच्या पोकळीत ठेवणार असाल तर झरोके तळाशीच हवेत, समोरासमोर दोन. वर ठेवलेल्या झरोक्याचा गळतीला उपयोग नाही.

पाच फुटांचं पटलं. विशेषतः खुर्च्यांचं.

माळरान

गॅस नको, लाकूडच. कुठलं लाकूड कमी उडतं? आणि एवढं करूनही भोक पडलंच तर?

ओळंबा

बाभूळ उत्तम, किमान सहा महिने फोडून सुकवलेली. संथ जळते, निखारा टिकतो. सुरूही चांगला. बांबू कधीच नको. पेरात कोंडलेली हवा तापून फटाक्यासारखा फुटतो. पॅकिंगच्या खोक्यांच्या पाइन फळ्या राळेमुळे तडतडतात, वर त्यांचे खिळे राखेत राहून पुढे लॉनवर येतात. करवंट्या पेटवायला दोन-चार ठीक, ढीग नको.

विझवताना बादली ओतू नका. तापलेली भट्टीची वीट तडकते आणि राखेचा लोंढा कर्ब ओलांडतो. निखारे पसरा, वर कोरडी वाळू. राखेखालचा निखारा दुसऱ्या दिवशीही जिवंत सापडतो, तेव्हा राख पत्र्याच्या झाकणाच्या डब्यातच काढा आणि डबा फरशीवर ठेवा, लॉनवर नाही. वाळूची बादली आणि पाणी चालू असलेला पाइप हाताशी असू दे. ते लॉनवर पडलेल्या निखाऱ्यासाठी. निखारा चिमट्याने उचला. पायाने घासलात तर एका डागाचा हातभर ओरखडा होतो.

शेंडेच वितळले असतील तर कात्रीने छाटा, ताठ ब्रश उलट्या दिशेने फिरवा, चिमूटभर वाळू टाका, दिसतही नाही. पाठीपर्यंत भोक गेलं असेल तर ठिगळ. चौकोनीच कापा, टाक्यांच्या ओळींना समांतर. गोल ठिगळाची कड कधी बसत नाही. खालची वाळू-कच सपाट करा, टेपचा तुकडा चारही बाजूंनी दोन इंच आत सरकवा, पॉलियुरेथेन, वर रात्रभर दगडाचं वजन.

ठिगळाचा माल मात्र उरलेल्या रोलमधून घेऊ नका. दोन वर्षांच्या उन्हात लॉनचा रंग उतरलेला असतो, नवा तुकडा हिरवागार उठून दिसतो. कुंडीमागचा, भिंतीकडचा कुठलातरी न दिसणारा कोपरा कापा, तो शेकोटीजवळ लावा, आणि नवा तुकडा त्या कोपऱ्यात.